शेवटचा सामना, पहिला करार

(मैदान आणि मोबदला : लेखांक सातवा)

मागील लेखांकात अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणारी शिष्यवृत्ती, आणि तिच्या बदल्यात त्याच्याकडून घेतले जाणारे श्रम, यांचा जमाखर्च आपण पाहिला. त्याच हिशेबाचे एक पान दरवर्षी ऐन नाताळात उघडले जाते आणि त्यावरून तेथे मोठा वाद माजतो. ते पान आज वाचावयाचे आहे. हंगाम संपतो, संघाला मानाच्या ‘बाउल’ सामन्याचे निमंत्रण येते, आणि ज्याच्या पराक्रमामुळे ते निमंत्रण आले तोच खेळाडू जाहीर करतो की, आपण या सामन्यात उतरणार नाही, व्यावसायिक खेळाच्या तयारीला लागणार आहोत. मग कोणी त्याला कृतघ्न म्हणतात, कोणी व्यवहारी. मला वाटते, त्याच्याकडे निष्ठेचे देणे किती निघते हे ठरविण्यापूर्वी दोन्ही पक्षांच्या वह्या समोर ठेवून वाचणे न्यायाचे होईल.

आधी या बाउल सामन्यांचे मूळ पाहू. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना गावी नववर्षदिनी पुष्परथांची मिरवणूक निघत असे. त्या उत्सवाच्या खर्चाला हातभार लागावा आणि तेथल्या सौम्य हिवाळ्याची कीर्ती दूरवर पोचावी, या हेतूने १९०२ साली मिरवणुकीच्या जोडीला फुटबॉलचा सामना ठेवण्यात आला. मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९-० असा धुव्वा उडविला, आणि सामना इतका एकतर्फी झाला की उत्सवाच्या चालकांनी फुटबॉलचा नाद सोडून पुढे कित्येक वर्षे रथांच्या शर्यती लावल्या. १९१६ साली मात्र फुटबॉल परत आला तो कायमचा. १९२२ मध्ये तेथे वाडग्याच्या घाटाचे विशाल क्रीडागार उभे राहिले, त्याला ‘रोझ बाउल’ हे नाव मिळाले आणि पुढे त्या नावावरूनच अशा साऱ्या सामन्यांना बाउल म्हणण्याचा प्रघात पडला. मंदीच्या दिवसांत, १९३५ साली, मायामीने ऑरेंज बाउल व न्यू ऑर्लिन्सने शुगर बाउल सुरू केला तोही अशाच हेतूने, की थंडीच्या दिवसांत प्रवासी यावेत, गावातली हॉटेले भरावीत आणि बाजार हलता राहावा.

खेळाडूंच्या दृष्टीने हा सामना म्हणजे चांगल्या हंगामाचे बक्षीस होते. त्याचे स्थान किती वेगळे होते ते एवढ्यावरून कळेल की, असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था वर्षाची अंतिम क्रमवारी बाउल सामने होण्यापूर्वीच जाहीर करी. १९६५ सालचा अपवाद सोडला तर १९६८ पर्यंत हाच शिरस्ता होता. महाविद्यालयीन क्रीडेचा कारभार पाहणारी ‘एनसीएए’ ही संस्था तर २००२ पर्यंत या सामन्यातील कामगिरी खेळाडूच्या अधिकृत आकडेवारीत धरीतच नसे. म्हणजे आज ज्याला कर्तव्य म्हणून मुलांच्या माथी मारले जाते, ते त्यांच्या आजोबांच्या पिढीत दफ्तरी नोंद न होणारे उत्सवी पारितोषिक होते. पुढे दूरचित्रवाणीचा पैसा आला, पुरस्कर्त्या कंपन्यांची नावे सामन्यांना चिकटली, बारांपैकी सहा सामने जिंकणाऱ्या संघालाही निमंत्रण मिळू लागले आणि बाउलांची संख्या चाळिसाच्या घरात गेली. पेरणी, राखण आणि कापणी मुलांनी करावी आणि रास मात्र दुसऱ्याच्या खळ्यावर पडावी, असा हा व्यवहार दीर्घकाळ चालला. खेळणाऱ्या मुलाच्या हाती पडे ती सुमारे ५५० डॉलरांपर्यंतची भेटवस्तू.

या व्यवहारातील जोखीम कोणाची, हे १ जानेवारी २०१६ रोजी ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे उघड्या डोळ्यांनी दिसले. फिएस्टा बाउलमध्ये नोत्र दाम आणि ओहायो स्टेट यांची गाठ पडली होती. नोत्र दामचा जेलन स्मिथ हा बचावफळीतील मोहरा. देशातील सर्वोत्तम लाइनबॅकरला दिला जाणारा बटकस पुरस्कार त्याच हंगामात त्याला मिळालेला, आणि व्यावसायिक संघांच्या येत्या निवडीत तो पहिल्या पाचांत जाणार असा जाणकारांचा अंदाज. पहिल्याच सत्रात चेंडू पुढे निघून गेला असता त्याचा पाठलाग करणाऱ्या स्मिथला प्रतिस्पर्ध्याचा धक्का बसला, डावा पाय जमिनीवर टेकला तो वेडावाकडा, आणि गुडघ्याचे दोन अस्थिबंध एकदम तुटले. अस्थिबंध शस्त्रक्रियेने जोडता येतात. परंतु त्यांच्यासोबत पावलाकडे जाणारी नसही दुखावली होती आणि तिला बरे होण्याची मुदत कोणी घालून देऊ शकत नव्हते. वीस वर्षांचा तो बलदंड मुलगा गुडघा वाकवी, मांडी हलवी. परंतु पायाचा चवडा वर उचलावा म्हटले तर तो उचलला जात नसे.

याच मैदानावर, त्याच दिवशी, समोरच्या ओहायो स्टेटकडून एझिकिएल इलियट खेळत होता आणि त्याने चार टचडाउन केले. एप्रिलअखेर निवड झाली तेव्हा डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाने या दोघांनाही घेतले. मात्र इलियटला चौथ्या क्रमांकावर, आणि स्मिथला चौतिसाव्या. या दोन आकड्यांतील अंतर समजण्यासाठी निवडीची रीत ध्यानी घेतली पाहिजे. एनएफएल या व्यावसायिक साखळीचे ३२ संघ सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात, आणि २०११ च्या करारापासून नवोदिताचा मोबदला त्याच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरूनच जातो. तेथे घासाघीस करावयास फारसा वाव नाही. चार वर्षांसाठी इलियटला सुमारे २.५ कोटी डॉलर मिळाले आणि स्मिथला सुमारे ६५ लाख. विम्याचे सुमारे ९ लाख डॉलर स्मिथच्या हाती आले, पण ते या खड्ड्याला पुरणारे नव्हते. शिवाय २०१६ चा सबंध हंगाम तो मैदानाबाहेर राहिला आणि पुढल्या वर्षी उतरला तो पावलाला आधारपट्टा बांधून.

या मुलाने अधिक लवकर व्यावसायिक का होऊ नये, असा प्रश्न वाचक करतील. त्याचे उत्तर असे की, माध्यमिक शाळा सोडून तीन वर्षे लोटल्याखेरीज एनएफएलचे दार उघडत नाही. मॉरिस क्लॅरेट या ओहायो स्टेटच्या खेळाडूने या नियमाविरुद्ध फिर्याद केली, खालच्या कोर्टात तो जिंकलाही. पण २००४ साली अपील न्यायालयाने निकाल फिरविला. तेव्हा उमेदीतील सर्वांत मोलाची तीन वर्षे महाविद्यालयाच्या स्वाधीन करणे खेळाडूला भागच आहे, आणि ती मुदत भरल्यावर उरलेला एक सामना खेळावा की नाही, एवढाच निर्णय त्याच्या हाती उरतो.

तो निर्णय गाजावाजाने घेणारे पहिले दोन मोठे खेळाडू म्हणजे लुइझियाना स्टेटचा लेनर्ड फोर्नेट आणि स्टॅनफर्डचा ख्रिश्चन मॅकॅफ्री. स्मिथच्या दुखापतीला वर्षही झाले नव्हते. डिसेंबर २०१६ मध्ये फोर्नेटने सिट्रस बाउल आणि मॅकॅफ्रीने सन बाउल सोडला, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. परंतु त्यांच्या संघांनी ते सामने त्यांच्यावाचून जिंकले, आणि चार महिन्यांनी हे दोघे अनुक्रमे चौथ्या व आठव्या क्रमांकावर निवडले गेले. त्या दोन सामन्यांच्याच आठवड्यात मिशिगनचा जेक बट ऑरेंज बाउलमध्ये निष्ठेने उतरला, त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याची निवड पाचव्या फेरीपर्यंत घसरली. या तीन उदाहरणांनी जो धडा दिला तो पुढच्या पिढीने पाठ केला, आणि ‘ऑप्ट आउट’ हा शब्द तेथील क्रीडाभाषेत रूढ झाला.

दुसरी वही उघडली नाही तर मात्र माझ्या हातून अन्याय होईल. महाविद्यालयात फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी दोघेही एनएफएलपर्यंत पोचत नाहीत. उरलेल्यांसाठी बाउल हाच आयुष्यातला शेवटचा सामना. त्यानंतर गणवेश घडी घालून कायमचा ठेवून द्यावयाचा असतो. ३० डिसेंबर २०२३ रोजी मायामीजवळच्या मैदानावर फ्लोरिडा स्टेटचा संघ उतरला तेव्हा त्यातले वीसहून अधिक खेळाडू या ना त्या कारणाने गैरहजर होते. तेरापैकी तेरा सामने जिंकूनही राष्ट्रीय विजेतेपदाच्या चार जागांतून निवडसमितीने त्यांना वगळले होते, आणि तो घाव ताजा होता. जॉर्जियाने त्यांना ६३-३ असे चिरडले. बाउलांच्या इतिहासात एवढ्या फरकाचा पराभव पूर्वी झाला नव्हता. जे मागे राहून खेळले, ज्यांना व्यावसायिक करार कधीच मिळणार नव्हता, त्यांच्या आठवणीत शेवटचा सामना म्हणून हा आकडा जन्मभर राहील. ही हानी खरी आहे; तिची खंत वाटणाऱ्याला भाबडा म्हणू नये.

परंतु तिचा दोष गैरहजर मुलांच्या पदरी टाकणे मला पटत नाही. बक्षिसाचे रूपांतर मालात झाले ते त्यांनी केले नाही. हंगामाअखेर बाउलच्या आधीच संघ सोडून दुसऱ्या विद्यापीठाच्या नोकरीवर रुजू होणारे प्रशिक्षक त्या देशात नवे नाहीत. पण त्यांच्या जाण्याला व्यवसायातली बढती म्हणतात, आणि वीस वर्षांचा मुलगा आपला गुडघा जपू लागला की त्याला मात्र निष्ठेचे पाठ दिले जातात. कोणत्याही घरात वडीलधाऱ्यांनी न पाळलेला नियम धाकट्यांवर लादला तर तो टिकत नाही.

या वादात स्मिथचे स्वतःचे म्हणणे मला सर्वांत मोलाचे वाटते. फोर्नेट आणि मॅकॅफ्री यांच्यावरून रान पेटले असता त्याने जाहीरपणे सांगितले की, एवढे सोसूनही आपण तो सामना पुन्हा खेळलो असतो. पुष्कळांनी हे वाक्य त्या दोघांविरुद्धची साक्ष म्हणून वापरले. मला त्यात वेगळे दिसते. हे वाक्य मोठे आहे ते स्मिथच्या तोंडी आहे म्हणून; त्याच्या प्रशिक्षकाने, विद्यापीठाने किंवा पुरस्कर्त्या कंपनीने ते उच्चारले असते तर त्याची किंमत शून्य झाली असती. आपल्याकडे शेतकऱ्याने खुशीने घातलेल्या पसाभर धान्याला भिक्षा म्हणतात आणि हुकमाने मोजून नेलेल्या धान्याला सारा. धान्य तेच असते. खेळाडूने आपला शेवटचा सामना सहकाऱ्यांना अर्पण केला तर त्यापुढे मस्तक लववावे, आणि तो राखून ठेवला तर त्याच्या हक्काचा मान ठेवावा. नकाराची मोकळीक नसती तर स्मिथच्या होकाराला मोल आले नसते.

आता २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला आहे, आणि २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. करार आला की शेवटच्या सामन्याची अटही त्यात लिहिता येईल, आणि निष्ठेच्या नावाने चाललेली ही सारी वसुली निदान कागदावर येईल. त्या कराराची कलमे, त्याचे पक्षकार आणि त्यातून बाहेर राहिलेले खेळ यांचा विचार पुढील लेखांकी करू.