स्वपरिचय

शाळेत नवा विद्यार्थी आला, म्हणजे त्याचा अर्धा परिचय न बोलताच होतो. तो कोणत्या बाकावर बसतो, कोणाशी बोलतो, कोणत्या प्रश्नाला गोंधळतो, हे शिक्षकांना व सोबत्यांना दिसत असते. परंतु ज्या वर्गातील विद्यार्थी गावोगाव विखुरलेले असतात, तेथे डोळ्यांचे हे काम शब्दांना करावे लागते.

दुरून शिकण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र पाठवण्याची सोय झाली. तिचा लाभ घेऊन आयझॅक पिटमन यांनी लघुलेखनाचे धडे टपालाने देण्यास आरंभ केला. विद्यार्थी आपले लेखन त्यांच्याकडे पाठवीत आणि ते तपासून परत येई. महाराष्ट्रात १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्यामुळे नोकरी किंवा घरकाम सांभाळूनही अनेकांना पदवीपर्यंत शिकता येऊ लागले. पुढे २०२० साली करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या, तेव्हा लहान मुलांचे वर्गही संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर भरले. साधने बदलली, तथापि शिकणारा शिकवणाऱ्यापासून दूर असतो, ही अडचण कायम राहिली.

याकरिता ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या प्रारंभी प्रत्येकाला आपला परिचय लिहावयास सांगतात. पुष्कळ विद्यार्थी नाव व इयत्ता लिहून थांबतात. एवढ्यावरून शिक्षकांना फारसा बोध होत नाही. समजा, गणिताच्या अभ्यासक्रमात एखाद्या मुलीने लिहिले, "आमच्या घरी मालवणी बोलतात. मला भूमिती आवडते. पण अपूर्णांकांचा भागाकार अजून जमत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वरचेवर जाते, म्हणून उत्तरे पाठवण्यास कधी उशीर होईल." या चार ओळींनी केवढे काम होते! कोठून शिकवावयास आरंभ करावा, हे शिक्षकांना कळते. उशीर झाला, तरी ते तिला आळशी समजत नाहीत. अपूर्णांकांनी त्रासलेला दुसरा एखादा विद्यार्थीही तिच्याशी बोलण्यास धजतो. तिने संकोचाने हे लपवले असते, तर तिची अडचण कित्येक दिवस कोणालाच समजली नसती.

मात्र परिचय देताना विवेक हवा. घराचा पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक किंवा संकेतशब्द परिचयात लिहू नये. कारण तो मजकूर किती अनोळखी लोक वाचतील, हे सांगता येत नाही. तसेच बढाई मारू नये. न येणारी गोष्ट येते म्हणून सांगणाऱ्याची पहिल्याच धड्यात फजिती होते. शिक्षकांना आदराने व सोबत्यांना मोकळेपणाने संबोधावे.

आपला परिचय लिहून झाला, की इतरांचेही परिचय वाचावेत आणि निदान एकाला तरी आपुलकीने उत्तर द्यावे. दूरच्या गावी एकट्याने अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याला त्या उत्तरामुळे वर्गात सोबती असल्याचा धीर येतो.