मोटारीविना माथेरान

आपल्या ट्रॉयमध्ये मोटारीशिवाय दूधही आणता येत नाही. डेट्रॉइटच्या या शेजारात अनेकांचे पोट मोटारींवरच चालते, माझेही. म्हणूनच की काय, मला माथेरानचे कुतूहल फार.

माथेरान म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा उभा असलेला, सुमारे 800 मीटर उंचीचा सपाट माथा. जांभा दगड, तांबडी माती आणि दाट झाडी. ठाकर, कातकरी, धनगर या डोंगरांत पूर्वीपासून वावरत होते; तरी 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढले, तेव्हा म्हणे माथेरानचा 'शोध' लागला! पुढे आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने 1907 साली नेरळहून दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी वर पोचली.

मोटारी मात्र दस्तुरी नाक्यावरच थांबतात. 2003 साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि या बंदीला बळ मिळाले. झाडी टिकली, हे खरेच. पण नाक्यापुढे सामान हमालांच्या डोक्यावर आणि पाहुणे घोड्यावर किंवा हातरिक्षात जात आले. चढावर माणसे रिक्षा ओढायची आणि मागून ढकलायची. आपण तिथे जी शांतता अनुभवतो, ती या माणसांच्या छातीवर तोललेली. ई-रिक्षांसाठी न्यायालयात गेले तेही हातरिक्षावालेच. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली आणि ऑगस्ट 2025 मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांचा ई-रिक्षांना विरोध आहे. त्यांचेही पोट त्याच रस्त्यावर आहे.