बहुभाषिक हस्तलिखितांच्या सूचीचीं कोष्टकें

हस्तलिखितांची सूची संगणकावर चढवितांना एक सोयीची पण घातक मांडणी सुचते. ‘मराठी नांव’, ‘संस्कृत नांव’, ‘फार्सी नांव’ असे रकाने आंखावयाचे. कानडी पोथी हातीं आली कीं आणखी एक रकाना वाढवावयाचा. तो बाकीच्या सर्व ओळींत रिकामा. पण रिकामे रकाने हा लहान दोष होय.

मोठा दोष आदिलशाही कागदांवरून कळतो. त्यांपैकीं कित्येकांत वर फार्सी व खालीं मोडी लिपींत मराठी मजकूर असतो. अशा कागदाचें ‘मराठी नांव’ म्हणजे काय? मूळ मराठी मजकुरांतील शब्द, कीं फार्सी मथळ्याचें सूचिकारानें केलेलें भाषांतर? रकाना तें सांगत नाहीं, आणि पुढें भाषांतरच मूळ म्हणून उद्धृत होतें.

म्हणून दोन कोष्टकें करावीं. पहिल्यांत केवळ वस्तु: दाखल क्रमांक, पत्रसंख्या, लांबीरुंदी, जें भाषेबरोबर बदलत नाहीं तेवढेंच. दुसऱ्यांत शब्द: प्रत्येक ओळींत तोच क्रमांक, मग भाषा, लिपि, मजकूर, मजकुराचा प्रकार (मूळ, लिप्यंतर कीं भाषांतर) व तो वाचणाऱ्याचें नांव. नवी भाषा आली तर ओळी वाढतात, रकाने तेच राहतात. दोन विद्वानांनीं दोन पाठ दिले तर दोन्ही ठेवावे. क्रमांक, भाषा, लिपि व प्रकार एवढ्यावरूनच ओळ एकमेव ठरविली, तर दुसरा पाठ यंत्र नाकारील. त्या खुणेंत वाचकाचें नांवहि धरावें.

भाषा व लिपि यांचे रकाने निराळे हवेतच. तंजावरच्या सरस्वती महालांतील संस्कृत पोथ्या देवनागरींत आहेत, तशा तेलुगु लिपींत व ‘ग्रंथ’ नामक लिपींतहि आहेत. संस्कृत म्हणजे देवनागरी ही समजूत आम्हां शाळामास्तरांनींच रुजविली असावी!

युनिकोड ह्या जागतिक वर्णसंकेताच्या ७·० आवृत्तींत, २०१४ सालीं, मोडीच्या अक्षरांना स्वतंत्र अंक मिळाले. त्यामुळें मोडींत नोंदलेला मथळा देवनागरी अक्षरांनीं शोधल्यास आपोआप सांपडत नाहीं. लिप्यंतराची ओळ जोडावी लागते. पण लिप्यंतर ही यांत्रिक नक्कल नव्हे. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. ‘दिन’ कीं ‘दीन’ हें वाचणाऱ्यानें ठरविलेलें असतें. त्याचें नांव मागण्याचें कारण हेंच.

शोधकास हवें त्या भाषेंत नांव नसेल, तर कोरी जागा न दाखवितां मूळ मथळा भाषा व लिपि यांच्या निर्देशासह पुढें करावा. जुन्या सूचींतील रकाने नव्या कोष्टकांत उतरवितांना मजकुराचा प्रकार ठाऊक नसेल तेथें ‘अनिश्चित’ लिहावें. ‘मूळ’ लिहूं नये.