आधी हात, मग एक्स-रे

विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयाला जोडून महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली सुरू झाले. अंधेरी-जोगेश्वरीच्या वस्त्यांतल्या रुग्णांवरच तिथले भावी डॉक्टर हात बसवतात.

छातीची तपासणी चार पायऱ्यांची: पाहणे, हाताने चाचपणे, बोटांनी ठोकणे, मग स्टेथोस्कोप. टीबीमुळे फुप्फुसाभोवती पाणी साचले, की भरल्या माठासारखा बद्द आवाज येतो, श्वास मंद ऐकू येतो. एक्स-रेत तीच जागा पांढरी दिसते, खालचा कोपरा बुजतो. फिल्म वाचताना आधी नाव, तारीख, डावी-उजवी बाजू पाहायची. हाताला लागलेले आणि फिल्मवर दिसलेले जुळवणे, हेच खरे शिक्षण.

नर्स म्हणून वॉर्डात पाहिले आहे, काहीजण लांबूनच विचारून एक्स-रे लिहितात. ज्यांना पिढ्यानपिढ्या स्पर्श नाकारला गेला, त्या आपल्या माणसांना याचा अर्थ सांगायला नको. हात लावून तपासणे हा रुग्णाचा हक्क आहे.

म्हणून बंधू-भगिनींनो, शिकाऊ डॉक्टरांना तपासू द्या. पण त्यांनी नाव सांगावे, परवानगी घ्यावी, पडदा ओढावा. भगिनींनी सोबत नर्स मागावी. नको वाटले तर नाही म्हणा. त्यासाठी उपचार अडवता येत नाहीत. जुन्या फिल्म जपून ठेवा. दिवस गेले असतील तर एक्स-रेआधी सांगा.