बाजारहाट आणि विवेक

बाजारहाट हे वरवर पाहता अगदी साधे काम आहे. घरात काय संपले ते पाहावे, गाठीला पैसे किती आहेत ते मोजावे आणि जिन्नस घेऊन यावेत, एवढाच त्याचा आजवरचा अर्थ होता. आता त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. आपण घेतलेल्या वस्तूपायी पाण्याला, मातीला आणि हवेला काय सोसावे लागते, हाही विचार गिऱ्हाइकाने करावा, असे जाणती माणसे सांगतात. सांगणे रास्त आहे. परंतु ते आचरणात आणू लागताच पावलोपावली अडचण उभी राहते. ही अडचण कशी असते, ते आपण कोल्हापूरच्या बाजारात पाहू.

प्रथम हातातील पिशवीच घेऊ. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर जलमय झाले. गटारे तुंबण्यास प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांचाही हातभार लागला होता, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले व राज्यात त्यांच्यावर निर्बंध आले. पुढे 23 मार्च 2018 रोजी महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास 5,000 रुपये दंड ठरला. बंदीचे कारण समजण्यासाठी मुंबईस जाण्याचीही गरज नाही. कोल्हापुरात रस्त्यावर टाकलेली पिशवी पावसाच्या पाण्याबरोबर जयंती नाल्यात जाते, नाला ती पंचगंगेत नेतो, आणि पंचगंगा शिरोळ तालुक्यातून वाहत जाऊन नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. शहराने टाकलेला कचरा असा खालच्या गावांच्या पाणवठ्यावर जाऊन पोहोचतो.

कायदा झाला, तरी पेच सुटला असे नव्हे. कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसलेल्या एखाद्या बाईचा विचार करा. गिऱ्हाईक रिकाम्या हातांनी येते आणि पिशवी मागते. दिली, तर दंडाची धास्ती. न दिली, तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळते. सायंकाळपर्यंत भाजी सुकणार, हे तिला पक्के ठाऊक असते. विसरले गिऱ्हाईक, आणि पेच पडला बाईला! तिने कायदा मोडला असे म्हणण्यापूर्वी तो तिला मोडायला कोणी लावला, हे पाहिले पाहिजे.

बरे, कापडी पिशवी तरी सर्वस्वी निर्दोष असते काय? कापूस पिकवण्यास पाणी व खत लागते, कापड विणण्यास वीज लागते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की नवी सुती पिशवी 131 वेळा वापरावी, तेव्हा कोठे हवामानावरील तिचा भार एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीइतका उतरतो. आठवड्यातून एकदा बाजार करणाऱ्यास त्यासाठी अडीच वर्षे लागतील. (तुंबलेल्या गटारांचा भार या आकड्यात धरलेला नाही, हेही विसरू नये.) म्हणून समारंभात मिळालेल्या दहा कोऱ्या पिशव्या फडताळात घडी घालून ठेवणारे घर आणि आजीने जुन्या लुगड्याची शिवलेली एकच पिशवी फाटेपर्यंत वापरणारे घर, ही दोन्ही एका मापाने मोजता येणार नाहीत.

पायताणाची गोष्टही अशीच आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल व हिरडा वापरून कमावतात. झिजलेला तळ बदलता येतो, तुटलेला पट्टा पुन्हा शिवता येतो. महाराष्ट्रातील व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांच्या या कारागिरीस 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु कातडे कमावण्यास पाणी फार लागते, आणि कित्येकांना जनावराचे कातडे पायात घालणेच मनापासून रुचत नाही. शिवाय आषाढातील पावसात ही चप्पल भिजून खराब होते. ज्याला वर्षाकाठी एकच जोड परवडतो आणि चिखल तुडवत शेतावर जावे लागते, त्याने स्वस्त प्लॅस्टिकची चप्पल घेतली, तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

सर्वांत बिकट पेच मात्र गुळाचा आहे, आणि कोल्हापूर तर गुळासाठी प्रसिद्ध. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतो. चुलवाणात त्याच उसाची वाळलेली चिपाडे जळतात. रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला, की मळी वर तरंगते व ती काढून टाकता येते. ही जुनी रीत उत्तमच होय. परंतु गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो. तो रंग झटपट यावा, म्हणून कित्येक ठिकाणी रसात हायड्रोस नावाची रासायनिक पूड टाकतात. तिने आलेला रंग टिकाऊही नसतो. साठवणीत तो पुन्हा काळवंडतो. तरी सौद्यात रंगालाच भाव मिळतो, आणि पुढच्या काहिलीच्या वेळी गुळव्याला त्या भावाचीच आठवण राहते.

यावर काळसर गूळ घ्यावा, असे उत्तर चटकन सुचते. पण तेही पुरेसे नाही. चांगल्या जमिनीतील उसाचा गूळ मुळातच सोनेरी उतरतो, आणि शिळ्या उसाचा किंवा करपलेल्या रसाचा गूळही काळाच असतो. म्हणजे केवळ डोळ्यांवर विसंबून चालत नाही, विचारावे लागते. त्यातून रसायनविरहित म्हणून विकला जाणारा गूळ बहुधा महाग असतो, आणि मोठ्या कुटुंबाला तो फरक जाणवतो. दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळे सुरू झाली, की काही कुटुंबे वर्षाचा गूळ थेट तेथूनच आणतात. काहिलीत काय पडते ते तेथे समोर पाहता येते, डबाही घरचाच नेता येतो. अर्थात ही सोय गुऱ्हाळाच्या जवळ राहणाऱ्यांची. पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकाला दुकानदाराच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो.