जबलपूरमधल्या घमापुरच्या घरात स्ट्रिंग ऑफ हार्ट्स

ओळख : हृदयाच्या आकाराची जाड, चंदेरी ठिपक्यांची पानं असलेली ही लोंबती वेल मूळची दक्षिण आफ्रिकेची. शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी. सह्याद्रीतली कंदीलपुष्पं याच सेरोपेजिया प्रजातीतली. फुलाच्या नळीतले केस चिमुकल्या माश्यांना काही काळ अडकवून ठेवतात आणि त्यातून परागीभवन साधतं.

उजेड : पूर्वेच्या खिडकीतलं कोवळं ऊन उत्तम. मे महिन्यात जबलपुरात पारा 40 अंशांच्या वर जातो. तेव्हा दुपारचं ऊन आणि लू लागणार नाही अशा जागी कुंडी हलवावी.

कुंडी : उथळ आणि तळाला भोक असलेली. माती, जाड वाळू व कोकोपीट समप्रमाणात मिसळावं.

पाणी : माती पूर्ण कोरडी झाल्यावरच भरपूर द्यावं. पान बोटांनी सहज दुमडलं तर वेल तहानलेली आहे. पिवळं पडून गिळगिळीत झालं तर मुळं कुजत आहेत.

पावसाळा : कुंडी आडोशाला घ्यावी, तळाच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

हिवाळा : वाढ मंदावते. पाणी कमी करावं, खत थांबवावं.

नवी रोपं : वेलीच्या पेरांवर मण्यांसारखे छोटे कंद येतात. वेल न तोडता ते ओलसर मातीवर टेकवून ठेवले की मुळं फुटतात.

कीड : पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपून काढावेत.