ॲपला तारीख कळते, कळा कळत नाहीत

बोरिवली लोकलच्या लेडीज डब्यात हल्ली गरोदरपणाच्या ॲपवर पोटातलं बाळ फळांच्या मापाने वाढतं. या आठवड्यात लिंबू, पुढच्या महिन्यात ॲव्होकॅडो. (मंडईत ॲव्होकॅडो शोधणाऱ्या नवऱ्यांची मला दया येते.) गंमत म्हणून ठीक आहे. पण त्याच ॲपवरची डिलिव्हरीची तारीख घरचे लग्नाच्या मुहूर्तासारखी धरतात आणि गावाहून यायचं आईचं तिकीटही त्याच हिशेबाने निघतं.

ती तारीख ही साधी बेरीज असते: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस. पाळी २८ दिवसांनी येते, हे त्यात गृहीत. जिची ३५ दिवसांनी येते, तिची तारीख पुढे सरकते. सुरुवातीच्या सोनोग्राफीत ती दुरुस्त होते. मग ॲपमध्येही तीच भरायची. एवढं करूनही नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. तेव्हा ३७व्या आठवड्यापासून बॅग भरलेली असावी.

‘नववा लागला की बाळ कमी हलतं, जागा कुठे असते?’ हे शेजारच्या काकूही सांगतात. चूक आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, हालचाल कमी होत नाही. नेहमीपेक्षा कमी वाटली, तर ॲपमध्ये आकडे मांडत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा. मोबाइलच्या माइकवर बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या ॲपवर तर मुळीच विसंबू नये. आईचेच ठोके ऐकून घर निर्धास्त व्हायचं.

मोठा घोटाळा वेगळाच आहे. बरीच ॲप परदेशात बनतात आणि तिथलंच वेळापत्रक सांगतात. अमेरिकेत बाळाला जन्मतः बीसीजी देत नाहीत; आपल्याकडे देतात. तिथल्या लसी दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या महिन्यात. आपल्या सरकारी वेळापत्रकात ६, १०, १४ आठवडे. साखरेच्या तपासणीचंही तसंच. ‘२४व्या आठवड्यानंतर बघू’ असं परदेशी ॲप म्हणेल. आपल्याकडे ती पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. आणि ‘मुलगा की मुलगी?’ हा ॲपमधला लाडिक खेळ! चिनी कॅलेंडरच्या त्या अंदाजाला काडीचाही शास्त्रीय आधार नाही, आणि आपल्याकडे १९९४च्या कायद्याने गर्भलिंगनिदानच गुन्हा आहे.

‘स्मार्टफोन नाही, म्हणजे माहिती नाही’ हेही खरं नाही. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये मुंबईत ‘अरमान’ संस्था काढली. तिच्या ‘एममित्र’ सेवेत साध्या फोनवर, बाईने सांगितलेल्या वेळेला, तिच्या भाषेत कॉल येतो. गरोदरपणात आणि पुढे बाळ वर्षाचं होईपर्यंत. केंद्र सरकारची ‘किलकारी’ही तशीच. चौथ्या महिन्यापासून बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ कॉल, तेही फुकट. ज्या घरात फोन एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात, तिथे मात्र ‘एममित्र’च्या कॉलची वेळ संध्याकाळची निवडलेली बरी. तो ऐकतो तेही चांगलंच.

म्हणून ॲप ठेवा, पण अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्यात शोधत बसू नका, १०८ लावा. आणि घाटकोपरच्या राजावाडी हॉस्पिटलमध्ये जा की पार्ल्याच्या कूपरमध्ये, माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद चार्जरशेजारच्या पिशवीत ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते.